चोवीस लंगोट

"शेवटचं पाणी ओंजळीत घ्यायचं आन् हुंगून बघायचं, बाई. साबणाचा वास आला का परत बुडवायचं. लेकराला बोलता येत न्हाई, पर कातडीला समदं कळतंय."

तायव्वा हे म्हणाली तेव्हा परसातल्या धुण्याच्या दगडापाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या ओंजळीतून पाणी गळत होतं. मी मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभी होते, कानाला फडकं बांधून. माझी त्रिशला तेव्हा बारा दिवसांची होती. तायव्वानं ओंजळ माझ्या नाकापुढं धरली.

"येतोय वास?"

"नाही."

"मग झालं. ह्यो लंगोट आता देवाला नेसवला तरी चालंल."

"तोंडाला कुलूप घाल गं," आतून आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई.

"का वो आक्का? तुमचा देव काय आन् ह्ये लेकरू काय, दोगंबी नागडंच की!"

आक्कांनाही हसू आवरलं नाही. मीही हसले, आणि लगेच मनातल्या मनात हात जोडले.

तायव्वा आमच्या भागात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची. नदीपलीकडच्या गावातून सकाळी पहिल्या वडापनं यायची. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. बाळाला अंघोळ, मला शेक-शेगडी, रात्रीचे लंगोट धुणं, मग आणखी दोन घरं. दुपारी तीनला परतताना पुन्हा आमच्याकडं वळायची आणि दिवसाचे लंगोट धुऊन वाळत घालायची.

लंगोट मीच शिवले होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तीन धोतरं धुऊन धुऊन मलमलीसारखी झाली होती. त्यांचे चोवीस लंगोट झाले. प्रत्येकाला टाके घालताना एकेका तीर्थंकरांचं नाव घेतलं. म्हणून चोवीसच. आक्का म्हणाल्या होत्या, "आणखी सहा काढ की, कापड उरलंय." मी काढले नाहीत.

लग्नानंतर सहा वर्षांनी मला दिवस राहिले होते. त्या वर्षी आमच्या गावात आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्या जैन साध्वींचा, चातुर्मास होता. मी रोज सकाळी देवळात दर्शन घेऊन, त्या दिवसापुरता काहीतरी नियम घेऊन मगच तोंडात पाणी घालते. आज मीठ सोडलं, आज दूध, आज दोनच पदार्थ. सातव्या महिन्यात मी माताजींपुढं बसले आणि मोठा नियम मागितला. मूल पायानं चालू लागेपर्यंत त्याच्या अंगाला एकदा वापरून फेकायची वस्तू लागणार नाही. कापडच वापरलं जाईल, आणि ते गाळलेल्या पाण्यातच धुतलं जाईल. त्या घाणीत, कुजत्या कचऱ्यात जे जीव उपजतात आणि मरतात, त्यांचं पाप माझ्या लेकराच्या नावावर नको होतं मला.

माताजींनी विचारलं, "घरात विचारलंस?"

"घरचे माझेच आहेत, माताजी."

त्या थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग मोरपिसांची पिंछी उचलून त्यांनी आशीर्वाद दिला.

रजा संपली आणि मी कन्याशाळेत पुन्हा रुजू झाले. अकरा ते पाच. निघण्यापूर्वी बारा लंगोट इस्त्री करून, चौकोनी घडी घालून पाळण्याशेजारच्या टोपलीत ठेवायची. दोन घागरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून ठेवायची. संध्याकाळी घरी आले की परसातल्या दोरीवर बारा लंगोट ओळीनं वाळत असायचे. ते बघून जीव निवायचा. शेजारच्या शोभाकाकू कुंपणावरून म्हणायच्या, "काय गं चंदना, पाच महिन्यांच्या पोरीचे लंगोट इतके पांढरेफेक? आमच्या नातवाचे बघ, हळदीत बुडवून काढल्यासारखे. साबण तरी कुठला?"

मी नुसती हसायची. मला वाटायचं, नियमाचं फळ आहे.

घरातही सगळं सुरळीत चाललं होतं. अभय, माझे यजमान, साखर कारखान्यात होते. सहा वर्षांत त्यांनी कधी कचऱ्याची पिशवी उचलली नव्हती. आता रोज संध्याकाळी चहा झाला की स्वतःहून म्हणायचे, "दे, जाता जाता टाकून येतो," आणि आक्कांच्या हातातली पिशवी स्कूटरला अडकवून बाहेर पडायचे. बाप झाल्यावर माणूस बदलतो, हे मी शाळेतल्या बायकांना कौतुकानं सांगितलं होतं.

त्याच सुमाराला एका रविवारी तायव्वा लंगोट झटकत होती. तिच्या लेकीला, शेवंताला, आठवा सरत आला होता.

"बाई, एक मागू?"

"मागा की."

"आमच्यात पाचवीपत्तोर लेकराला जुनेरात गुंडाळून ठेवत्यात. पाचवीला पहिला लंगोट. पर त्यो घरचा चालत न्हाई. ज्या घरात लेकरू नांदतंय, त्या घरातनं मागून आणायचा. माझ्या शेवंताची दोन गेली, तुमाला म्हाईत हाय. तुमच्या तिरशलेचा एक लंगोट द्याल?"

"एकच कशाला? मी स्वतः घेऊन येईन पाचवीला."

"आमच्या दारात? मास्तरीण बाई?" ती कमरेवर हात ठेवून हसली. "नगं बया. तुमी शब्द दिला का त्यो नियमच हुतोय."

"होऊ दे. दिला शब्द."

तिनं हातातला लंगोट दोरीवर टाकला आणि त्याच्या कडा इतक्या हळूहळू सरळ केल्या, की मला वाटलं, आणखी काहीतरी बोलेल. तिनं पुढचा लंगोट उचलला.

पंधरा दिवसांनी त्रिशलाच्या मांड्यांत लाल पुरळ दिसलं. मग ते पसरलं. आठवड्यात कातडी सोलल्यासारखी झाली. लंगोट सोडला की ती असं ओरडायची, की अभय उठून अंगणात जायचे. मी खोबरेल लावलं, साय लावली. साबण बदलला. रात्रीचे लंगोट मी स्वतः धुऊ लागले, शेवटचं पाणी हुंगून. काही केल्या उतार पडेना.

डॉक्टरांनी तिला पालथी केली, उताणी केली.

"कुठला डायपर वापरता?"

"डायपर नाही. घरचे कापडी लंगोट. पहिल्यापासून."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मग मांड्यांभोवती हे गोल वळ कशाचे?"

मी वाकून बघितलं. दोन्ही मांड्यांना बांगडी रुतावी तसे वळ होते.

"नाडी घट्ट बसत असेल," मी म्हणाले.

"बसत असेल," डॉक्टर म्हणाले. "पण ओलं काढायला उशीर होतोय हे नक्की. दिवसा कोण असतं बाळाजवळ?"

"सासूबाई. आणि एक बाई येते."

अभय माझ्या शेजारीच उभे होते. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता ते वाचत होते. वरून खालपर्यंत वाचला, आणि पुन्हा वरून सुरू केला.

घरी येताना मी स्कूटरवर मागं बसून विचार करत होते. आक्का तर सख्खी आजी. नाडी बांधते कोण? दुपारचे धुते कोण? तीन घरांची घाई असते कुणाला? उत्तर एकच येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तायव्वा आली, तेव्हा आक्का सोप्यात तूर निवडत बसल्या होत्या. अभय बूट घालत होते. मी त्रिशलाला मांडीवर घेऊन तिला ते वळ दाखवले.

"तायव्वा, हे काय आहे?"

तिनं बोट पुढं केलं आणि न टेकवताच मागं घेतलं.

"तुम्ही नाडी आवळून बांधता का?"

"न्हाई, बाई."

"दुपारचे लंगोट नीट खळबळता ना? घाईघाईत साबण राहत असेल एखाद्या वेळेस. खरं सांगा, मी रागावणार नाही."

तिनं आक्कांकडं बघितलं. आक्कांनी सुपातला एक खडा उचलला. तिनं अभयकडं बघितलं. बुटाची नाडी सुटत नव्हती की बसत नव्हती कुणास ठाऊक. ते मान खाली घालून तिच्याशी खेळत राहिले.

"बोला की," मी म्हणाले.

"माझ्या पोरीचं दीस भरल्यात, बाई," ती म्हणाली. "मी काय बोलनार?"

मला वाटलं, काम जाऊ नये म्हणून लेकीचं बाळंतपण पुढं करतेय. मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. मी हात जोडले.

"तायव्वा, तुम्ही माझं खूप केलंत. पण उद्यापासून येऊ नका."

तिनं पदर खोचला. वाकून माझ्या मांडीवरच्या त्रिशलाच्या दुपट्याची कड सारखी केली. दारातून बाहेर पडताना आक्कांना एवढंच म्हणाली, "आक्का, दुपारचं पाणी कडक तापवू नगा. हात पोळतील."

आक्का सुपातच बघत होत्या.

त्यानंतर तीन आठवडे गेले. पुरळ थोडं बसायचं, पुन्हा उठायचं. नाडी आता आक्काच बांधत होत्या, धूतही त्याच होत्या. दोरीवर बारा लंगोट रोज वाळत होते, तितकेच पांढरे. मी माझ्याच खाण्यापिण्यात दोष शोधू लागले. दूध सोडलं, गूळ सोडला, तूर सोडली. दुपारचे डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मूल अंगावर पीत होतं, तरी मी एकवेळ जेवण धरलं.

आमच्या शिक्षणसंस्थेचे एक जुने संचालक वारले. बुधवार होता. दुपारी एकला शाळा सुटली. मी चालतच घरी आले. पुढचं दार आतून लावलेलं होतं. त्रिशला झोपली असेल म्हणून कडी न वाजवता घराशेजारच्या बोळातून परसात गेले.

आक्का दगडापाशी बसल्या होत्या. माझ्याकडं पाठ होती. बाजूला माझी टोपली होती, सकाळच्या घड्या जशाच्या तशा. त्यांनी वरची एक घडी उचलली. उलगडली. माझ्या इस्त्रीच्या चार रेघा उन्हात दिसल्या. तो कोरडा, स्वच्छ लंगोट त्यांनी बादलीत बुडवला, वर काढला आणि पिळला. पिळताना त्यांची मान आखडली. बोटांच्या पेरांवर सुपारीएवढ्या गाठी होत्या. त्या मी रोज बघत होते. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, लंगोट दोरीवर टाकला, झटकून सरळ केला, पुन्हा बसल्या. पुढची घडी.

सहा लंगोट होईपर्यंत मी उभी होते. डोक्यात फक्त शोभाकाकूंचा आवाज होता. साबण तरी कुठला?

आत त्रिशला रडली. आक्का वळल्या आणि मला बघून तशाच राहिल्या. हातातून पाणी गळत होतं.

मी आत गेले. पाळण्यातून तिला उचललं. झबल्याखाली प्लॅस्टिकचं ते जाड, फुगलेलं ओझं होतं. त्यावर पिवळ्या अस्वलांची चित्रं. कडेच्या चिकटपट्ट्या काढायला मला जमेना. आक्कांनीच मागून येऊन काढल्या. त्यांना सवय होती. आतला लवचीक काठ जिथं मांडीला बसत होता, तिथंच ती लाल बांगडी होती.

"कधीपासून?"

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून."

"हे सकाळी घातलेलं?"

"तू गेलीस की घालते. तू यायच्या आधी काढते."

"दिवसभर एकच?"

आक्का कपाटाला टेकून खाली बसल्या. "एकच. दुसरा लावायला जीव होत नाही गं. एक फेकला तरी देवळात मान वर होत नाही माझी. म्हटलं, निदान पाप तरी एकाचंच."

मी त्रिशलाला खांद्यावर टाकून उभी राहिले. तिची उघडी कातडी माझ्या हाताला गरम लागत होती.

"मला सांगायचं होतं, आक्का."

"काय सांगायचं होतं?" त्यांचा आवाज एकदम वर गेला. सात वर्षांत पहिल्यांदा. "पाणी शेंद, गाळ, बारा वेळा धू, बारा वेळा पीळ! नियम तुझा, आणि पिळायचं मी. तायव्वा तीनला यायची, तोवर घाण तशी ठेवायची का? भांडी घासताना पातेलं सुटतं माझ्या हातातून. तुला दिसलं नाही? आणि सांगितलं असतं तर काय केलं असतंस? ओरडली असतीस, तर भांडलो असतो आपण, मिटलं असतं. तू ओरडत नाहीस. तू हात जोडतेस आणि जेवण सोडतेस. मग गावात तोंड कुठं लपवायचं मी?"

माताजींचा प्रश्न कानात होता, आणि माझं उत्तर.

मग विचारलं, "तायव्वाला माहीत होतं?"

"लंगोट भिजवून वाळत घालायचं तीच करायची. माझ्या हातांकडं बघून."

"मग त्या दिवशी ती बोलली का नाही?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. "मी तिला शपथ घातली होती."

"कुणाची?"

"शेवंताच्या पोटातल्या जिवाची."

*माझ्या पोरीचं दीस भरल्यात, बाई. मी काय बोलनार?*

मी खाली बसले. आक्का म्हणाल्या, "रविवारी बाळंत झाली शेवंता. मुलगा. सुखरूप आहे. बाजारात वडापवाला सांगत होता."

मी बोटांवर मोजलं. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. पाचवी उद्या होती.

संध्याकाळी अभय आले. चहा झाला. सवयीनं म्हणाले, "दे, जाता जाता टाकून येतो." वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पुडकं आज मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते ओळखलं. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"चंदना, ऐक. आईचे हात..."

"बघितले."

"तुला त्रास होऊ नये म्हणूनच..."

"तुम्ही आणायचा, तुम्हीच टाकायचा. मी शाळेत सांगत होते, बाप झाल्यावर माणूस बदलला म्हणून." माझा आवाज नेहमीसारखाच होता. मलाच त्याची भीती वाटली. "डॉक्टरांपुढं तुम्ही तो तक्ता दोनदा वाचलात."

ते पुडकं हातात घेऊन उभे राहिले.

"ते सगळं राहू दे," मी म्हणाले. "तायव्वा समोर उभी होती. तुम्ही दोघं तिथंच होतात. तिला का जाऊ दिलंत?"

बाहेर स्कूटर उभी होती. ते तिच्याकडं बघत राहिले. उत्तर त्यांनी तेव्हा दिलं नाही, आणि नंतर मी विचारलं नाही. त्रिशला यंदा कॉलेज संपवेल. आम्ही तिघं एका घरात नांदलो, आक्कांचं शेवटचं सगळं मी केलं, मनापासून केलं. पण आजही अभय कुठल्याही कामाला "दे, मी करतो" म्हणाले, की माझा हात क्षणभर थांबतो.

त्याआधीच, दुपारी, मी दोरीवरचे आणि टोपलीतले लंगोट एकत्र केले होते. रात्रीचेही. चोवीसच्या चोवीस. पाणी शेंदून मीच गाळलं. दगडावर बसून एकेक धुतला. तीन पाण्यांतून काढला, चौथं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. बाराव्या-तेराव्या लंगोटाला मनगटं दुखायला लागली. विसाव्याला हाताची मूठ मिटेना. मी थांबले नाही; आक्का दारात उभ्या राहून बघत होत्या, त्यांनीही थांब म्हटलं नाही. ऊन कडक होतं. संध्याकाळपर्यंत सगळे वाळले. आमच्याकडं दिवेलागणीच्या आत जेवतात. मी जेवले नाही, त्रिशलाला पाजलं आणि इस्त्री करायला बसले.

सकाळी देवळात गेले. भगवंतांपुढं उभी राहिले. रोज या वेळी ओठांवर काहीतरी सोडायचं असतं. त्या दिवशी मी काहीही सोडलं नाही. नुसती उभी राहिले आणि नमस्कार करून आले. घरी येऊन पाणी प्यायले, दशमी खाल्ली. शाळेत रजेचा अर्ज शोभाकाकूंच्या सुनेबरोबर पाठवला.

घड्या पिशवीत भरताना आक्का मागं येऊन उभ्या राहिल्या.

"सगळेच?"

"सगळेच."

"अगं, तिनं एक मागितला होता ना?"

मी घड्या भरत राहिले.

"आणि आज हिला काय घालायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहेत की घरात. कुठं ठेवलेत ते तुम्हाला माहीत आहे." मी पिशवीचे बंद बांधले. "फक्त दर तीन तासांनी बदला, आक्का. ओला झाला की लगेच काढा. एकच ठेवू नका."

"आणि तुझा नियम?"

"माताजींना पत्र लिहीन. देतील ते प्रायश्चित्त घेईन. माझं मी."

आक्का स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तुपाची बरणी होती, फडक्यानं तोंड बांधलेली. गाठ मारायला त्यांना खूप वेळ लागला असणार. "बाळंतिणीला," एवढंच त्या म्हणाल्या. मी बरणी घेतली, पण त्यांच्याकडं बघू शकले नाही.

तायव्वा दार उघडेल की नाही, माहीत नव्हतं. जिच्या मांड्या सोलल्या आहेत त्या लेकराचा लंगोट तिच्या नातवाला चालेल का, हेही माहीत नव्हतं. पाळण्यापाशी गेले. त्रिशला झोपली होती, उघडीच, तिच्या कातडीला वारा लागत होता. दुपट्याची कड सारखी केली. मग पिशवी एका हातात, बरणी दुसऱ्या हातात घेतली, पायानंच दार ओढून घेतलं आणि पहिल्या वडापसाठी नदीच्या रस्त्यानं चालू लागले.